सूचना : कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा

गॅरेज, पंक्चर आणि स्प्रे पेंटिंगचं काम करणाऱ्या सर्व सभासदांना कळकळीची विनंती. पावसाळ्यात हवेतली वाफ कॉम्प्रेसर आत ओढतो, आणि दाबलेली हवा टाकीत गार झाली की त्या वाफेचं पाणी तळाशी साचतं. काल माझ्या छोट्या टाकीतून पेलाभर तांबूस पाणी निघालं. तांबूस म्हणजे आतून गंज! बाहेरचा रंग शाबूत दिसतो, पण पत्रा पातळ होत जातो आणि अशी टाकी फुटू शकते.

काम संपल्यावर मोटर बंद करून विजेचा प्लग काढा. दाब १ ते २ बारपर्यंत उतरवा, मग तळाचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) हळूहळू उघडा. डोळ्यांवर गॉगल हवाच, तोंड बाजूला ठेवा. पाणी थांबून नुसती हवा येईपर्यंत थांबा.

कॉक चोंदला असेल तर दाब शून्यावर आल्याखेरीज पाना लावू नका. पाझरणारी टाकी वेल्डिंग करून वापरणं तर अजिबात नको, ती बदलाच.

निघालेल्या पाण्यात तेल असतं. ते गटारात न ओतता जळक्या ऑइलसारखं वेगळ्या डब्यात साठवा.