राज्यांचे हक्क, पण कशासाठी?

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी यादवी युद्धावरचा लेख वाचला. दक्षिणेतील राज्ये केंद्राच्या वरचष्म्याविरुद्ध, स्वतःच्या हक्कांसाठी लढली, हा त्यातील निष्कर्ष पटला नाही. पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याचा १८५०चा केंद्रीय कायदा पाहा. मेक्सिकोकडून बळकावलेल्या मुलखातील कॅलिफोर्निया गुलामीमुक्त राज्य म्हणून संघात आले, तेव्हा त्या तडजोडीत दक्षिणेने हा कायदा पदरात पाडून घेतला. पकडलेल्या माणसाला ना ज्युरी, ना स्वतःची साक्ष देण्याची मुभा. त्याला मालकाच्या हवाली केले तर प्रकरणाचा निकाल देणाऱ्या कमिशनरला (केंद्रीय अधिकाऱ्याला) १० डॉलर, सोडून दिले तर ५! (कारण काय, तर म्हणे हवाली करताना कागदपत्रे जास्त लिहावी लागतात.) उत्तरेतील काही राज्यांनी आपले कायदे करून याला आडकाठी केली, तेव्हा त्यांचे हक्क दक्षिणेला आठवले नाहीत. उलट डिसेंबर १८६०मध्ये संघातून फुटून निघताना साउथ कॅरोलायनाने आपल्या जाहीरनाम्यात, उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत, हीच तक्रार ठळकपणे मांडली. लेखात त्या जाहीरनाम्याचा साधा उल्लेखही नाही.

– एक वाचक, सातारा