पाकिटाला रबराने अडकवलेला कागद

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा सिगारेट सोडून १४ महिने झाले. फोनवर सांगितलं असतं तर मी दोन वाक्यांत उरकलं असतं. शिवाय चारचौघांत लिहिलं की पुन्हा पेटवायची लाज वाटते, हा स्वार्थही आहेच.

सिगारेट सोडायचा सल्ला घ्यायला तुमच्याकडे आलो तो काळ्या फुप्फुसांची चित्रं बघायची तयारी करूनच. तुम्ही तसलं काही काढलंच नाही. "उठल्यावर पहिली किती वेळाने लागते?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, चूळ भरायच्या आधी. पहिली अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनचा गम, म्हणजे सिगारेटची तलफ भागवणारं च्युइंगगम, २ नाही, ४ मिलिग्रॅमचा घ्यायचा, हे त्या उत्तरावर ठरलं, ते मला मागाहून कळलं.

मग तो कागद. पाकिटाला रबराने अडकवायचा आणि पेटवण्याआधी, नंतर नाही, वेळ आणि कारण लिहायचं. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, ताणामुळे ओढतो. आठ दिवसांनी तुम्ही कागद पुढे सरकवलात. रोजच्या वीसपैकी ताणाच्या जेमतेम दोन. कॉफीबरोबरच्या, जेवणानंतरच्या, आणि उरलेल्यांपुढे माझ्याच अक्षरात "उगाच". राग आला होता, खरं सांगतो. पण आधी त्या उगाचवाल्याच गेल्या.

गम मी पूर्वीही आणला होता. साध्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावला, उचक्या लागल्या, फेकून दिला. तो चावत राहायचाच नसतो, हे तुम्ही दाखवलंत. हळू चावायचं, तोंडात चरचरलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, चरचर गेली की पुन्हा चावायचं. असा अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

कॉफीवरून आठवलं. चौथ्या दिवशी हात थरथरत होते, झोप उडाली होती. मला वाटलं, सोडल्याचाच त्रास. तुम्ही विचारलंत, "कॉफी किती?" धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं, धूर थांबला की तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. निम्मी केली, दोन दिवसांत हात थांबले.

तलफ आली की तिच्याशी वाद घालू नका, घड्याळ बघा, म्हणाला होतात. पाचेक मिनिटांत ओसरते. मी दात घासायचो. दिवसातून सहा-सहा वेळा! घरच्यांना वाटलं, दातच दुखताहेत.

आणि सातव्या आठवड्यातला तो फोन. एका लग्नात एक ओढली होती, आवाज पार पडला होता. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. "पाकीट घेतलंत?" "नाही." "गम चालू आहे ना?" तो मी पाचव्याच आठवड्यात बंद केला होता, शहाणपणा करून. "बारा आठवडे सांगितले होते. आज पुन्हा सुरू करा," म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या कोरडेपणाचे आभार सगळ्यात जास्त.

वजन चार किलो वाढलंय, त्याचे मात्र मानणार नाही.

पुढच्या आठवड्यात धाकट्या भावाला पाठवतोय. तोही ताणामुळेच ओढतो म्हणे. कागद आणि रबर मी त्याला देऊन ठेवलंय.

तुमचा,
४ मिलिग्रॅमवाला