व्होल्टेज कमी करायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या मे महिन्यात तीन दुपारी तुम्ही माझ्या वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत उघड्या कॅबिनेटसमोर बसलात, त्याचे आभार नीट मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते उघड लिहीत आहे, कारण मी केलेली चूक नागपुरात आणखी कोणी करत असेलच.

रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि ३२०० वेगाच्या, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एवढा माझा सरंजाम. लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग लवकर उरकावे म्हणून मी रॅमचा वेग ३६०० वर नेला, टायमिंग, म्हणजे रॅमने प्रत्येक कामाआधी किती आवर्तने थांबायचे ते आकडे, मात्र मूळचेच १६-१८-१८-३८ ठेवले, आणि कुणाच्या तरी बायोसच्या (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्याच्या) फोटोत पाहून टीआरएफसी, म्हणजे रॅम पुन्हा भरायला दिलेला वेळ, २८८ करून टाकला. सकाळी सगळे सुरळीत चाले आणि दुपारी तीनच्या सुमारास निळा स्क्रीन येई. दर वेळी मी रॅमचे व्होल्टेज थोडे वाढवी. असे करता करता १.३५ चे १.४५ झाले, आणि एके संध्याकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना.

तुम्ही वायर काढलीत, पॉवरचे बटण दाबून धरून उरलासुरला करंट उतरवलात आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मदरबोर्डवरच्या सीमॉसच्या, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसण्याच्या, दोन पिना दहा सेकंद जोडून धरल्यात. पडदा उजळला तेव्हा मी लगेच बायोसमध्ये शिरायला निघालो होतो. तुम्ही आधी चौकटीची वही मागितलीत. टायमिंगला दोन हजारांनी गुणून वेगाने भागायचे, असे सांगून तुम्ही हिशेब मांडलात: ३२०० वर १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० वर तेच १६ म्हणजे जेमतेम ८.९. आकडा तोच ठेवला म्हणून मी स्वतःला सावध समजत होतो, प्रत्यक्षात वेग वाढवून वर वेळही कापत होतो. ३६०० वर १८ घेतले की पुन्हा १० च येतात, शिवाय प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक १८०० वर रॅमच्या जोडीने धावते. मला हवा असलेला फायदा तिथेच होता.

टीआरएफसीचे तुम्ही केलेले विवेचन मात्र मी अजून चारचौघांना ऐकवतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळका कपॅसिटर, आणि साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावाच लागतो. त्या भरण्याला आठ गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाणित वेळ ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ३६०० वर ६३० आवर्तने; माझे २८८ म्हणजे फक्त १६०, जे मोजक्याच चिपना झेपते. चिप तापली की गळती वाढते, म्हणून सकाळची पास झालेली चाचणी दुपारी नापास होई. वाढवलेल्या व्होल्टेजने मी त्या उष्णतेत स्वतःच भर घालत होतो! मशीन बंद करून तुम्ही रॅमच्या पत्र्यावर माझे बोट टेकवलेत, तो चटका मला सगळ्या आकड्यांहून लवकर कळला.

मग व्होल्टेज परत १.३५, टायमिंग १८-२२-२२-४२, टीआरएफसी ६३०, आणि ऑटोवर सोडलेले एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचे) १.१ वर बांधलेले. एका वेळी एकच आकडा बदलायचा, वेळ आणि खोलीचे तापमान लिहायचे, आणि पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ भर दुपारीच चालवायचे. तोवर विंडोज सुरू करायचे नाही, नाहीतर चुकीचे बिट फायलींत उतरतील, ही तुमची ताकीद मला तेव्हा जाचक वाटली होती. नंतर जुनी प्रोजेक्ट्स तपासली तर दोन उघडेचनात.

काका, वही अजून माझ्याकडेच आहे. टीआरएफसी टप्प्याटप्प्याने ५६० पर्यंत आणला असून दुपारच्या चाचणीत चारही फेऱ्या स्वच्छ निघाल्या. ५४० करून पाहिले तेव्हा तिसऱ्या फेरीत एक चूक आली. व्होल्टेजला हात न लावता मी ५६० वर परतलो आणि तशी नोंद केली आहे. रविवारी वही घेऊन खाली येतो.

आपला,
वरच्या मजल्यावरचा शेजारी