केळीच्या खोक्यावर जळगावचे नाव हवे

संपादक महोदय,

सावदा-रावेर पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यातून काढतात, चीक निथळला की 13 किलोच्या खोक्यात भरतात. मी पाहिलेल्या बहुतेक खोक्यांवर ठळक अक्षरांत 'कॅव्हेंडिश' हे केळीच्या वाणाचे नाव असते. जळगाव शोधूनही सापडत नाही.

कॅव्हेंडिश हे इंग्लंडमधल्या डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचे आडनाव. 1830 च्या दशकात त्यांच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसहून आलेले केळीचे झाड काचघरात वाढवले आणि त्याला मालकाचे नाव दिले. मुळात ते झाड दक्षिण चीनचे! (आपला जुना बसराई वाण याच कुळातला.) शास्त्राच्या पुस्तकात हे नाव खुशाल राहो. पण तापीकाठच्या काळ्या जमिनीत, मे महिन्याच्या 45 अंशांच्या उन्हात ठिबकवर बाग जगवतो तो आमचा शेतकरी. त्याच्या मालावर त्याच्या मुलखाचे नाव नसावे, याचे फार वाईट वाटते.

जळगाव केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक मुलखातल्या मालालाच त्या मुलखाचे नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले. 2021 मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली. मग हे रोजच्या मालाला का जमू नये? मानांकनाचे नाव वापरायला शेतकऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. कृषी विभागाने गावोगाव शिबिरे घेऊन ती करून द्यावी आणि व्यापाऱ्यांनी खोक्यावर 'जळगाव केळी' असे मोठ्या अक्षरांत छापावे.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव