दादा, तुमचं चाक अजून माझ्याकडेच आहे

प्रिय दादा,

बेल्जियममधल्या गेंटहून निघताना तुमच्या दारात आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही "पासपोर्ट घेतलास का ते बघ आधी" म्हणून विषयच बदललात. फोनवर पुन्हा तेच. म्हणून आता चारचौघांत लिहितो. नाव छापू नकोस म्हणालात, तेवढं पाळलंय. बाकीचं सगळं सांगणार आहे.

एप्रिल २०२५. दोन शनिवारी हौशींच्या फेरीत आपण सायकल चालवायची आणि दोन रविवारी जगातले सगळ्यांत दणकट सायकलपटू शर्यतीत त्याच दगडी रस्त्यांवरून जाताना बघायचे, असा माझा बेत. आधी बेल्जियममधली टूर ऑफ फ्लँडर्स, मग फ्रान्समधली पॅरिस-रुबे. पाच वर्षं पैसे साठवले होते. आणि शुक्रवारी दुपारी सायकलची पेटी उघडली, तर डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर वाकलेला आणि मागचं चाक एवढं वाकडं, की ते फ्रेमला घासत होतं. विमान कंपनीला केलेल्या मेलचं उत्तर मी परत आल्यावर आलं. असो.

तुम्ही सांगलीचे, मी चिपळूणचा. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मावसभावाचे तुम्ही मित्र, एवढीच ओळख. तरी ऑफिस सुटल्यावर थेट आलात. दुकान बंद करून जेवायला बसलेल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला फ्लेमिशमध्ये काय पटवलंत कोण जाणे, त्याने हँगर सरळ करून दिला. चाकापुढे मात्र हात टेकले. तेव्हा तुम्ही घरी येऊन स्वतःच्या सायकलचं मागचं चाक काढलंत आणि माझ्या सायकलला चढवलंत. ३२ मिलिमीटरचा टायर, फ्रेममध्ये जेमतेम मावला. वर पुढच्या चाकातली निम्मी हवा सोडलीत. मला टायर बोटाने दाबला जाणार नाही इतकी हवा भरायची सवय, त्यामुळे पोटात गोळाच आला. "उद्या कळंल," एवढंच म्हणालात.

कळलं. तिकडच्या भाषेत रस्त्याच्या त्या दगडाला 'कासै' म्हणतात. मला पहिल्यांदा 'कसाई' ऐकू आलं आणि संध्याकाळपर्यंत ते बरोबर वाटायला लागलं. आमच्या कोकणातल्या पाखाडीवर सायकल घातल्यासारखं, फक्त पाखाडी संपते, हे संपत नाही. त्या शनिवारी सोळा हजारांच्या आसपास हौशी माणसं सायकली घेऊन औदेनार्देच्या भोवतालच्या टेकड्यांवर होती. पहिल्याच दगडी पट्ट्यावर हँडल इतकं घट्ट धरलं, की बोटं बधिर झाली आणि वहिनींनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू मागच्या खिशातून एकेक करून उडाले. मग तुमचं वाक्य आठवलं: "हात ढिले सोड की लेका, सायकल तिची ती जाती." जड गिअर, बूड सीटवर, नजर लांब, रस्त्याच्या मधल्या फुगवट्यावरून. खरंच गेली.

कोपनबर्गवर चालत गेलो, तेही कबूल करतो. ६०० मीटरचा चढ, काही ठिकाणी २२ टक्के. आदल्या वर्षी पावसात तिथे कसलेले व्यावसायिक रायडरही उतरून चालले होते, हे तुम्ही मला चार वेळा सांगितलंत. पाचव्यांदा सांगायची गरज नव्हती, पण बरं वाटलं.

पॅटरबर्ग मात्र चढलो. ३६० मीटर, पण भिंतच. शर्यत आपल्या दारावरून जावी म्हणून १९८६ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याने त्या वाटेवर दगड घालून घेतले, ही गोष्ट तुमचीच. "आपल्याकडं डांबर टाका म्हणून मोर्चे निघतात, आणि हा बघ," असं म्हणून किती हसला होतात.

रविवारी मी अंगदुखीने झोपलो होतो तेव्हा तुम्ही सकाळीच औदे क्वारेमाँटच्या चढावर जाऊन कुंपणालगतची जागा धरलीत. शर्यत तिथून तीनदा जाते. आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं, मग मोटरसायकली, मग लोकांचा आवाज चढ चढत येतो. तिसऱ्या वेळी स्लोव्हेनियाचा जगज्जेता पोगाचार एकटाच सुटला, तो आपल्यापासून दोन हातांवरून. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर शनिवारी काय होतं, त्याचे फोटो तुम्ही सगळ्या ग्रुपला पाठवलेत.

पण खरं लिहायचं आहे ते पुढच्या शनिवारचं. रुबेच्या वाटेवर, कारफूर द लार्ब्रच्या पट्ट्यात माझं पुढचं चाक पंक्चर झालं. दुसऱ्यांदा. ट्यूब संपलेल्या. सायकल ढकलत पट्ट्याच्या टोकाला आलो, तर तिथे तुम्ही. गळ्यात दोन ट्यूब, हातात पंप. मोठ्या टीमची माणसं शर्यतीत अशीच दगडी पट्ट्यांच्या तोंडाशी चाकं घेऊन उभी असतात. माझ्यासाठी, ज्याला वेळेची मर्यादा गाठतानाही धाप लागते, कोणी तसं उभं राहील असं वाटलं नव्हतं. किती वेळ उभे होतात विचारलं, तर "आत्ताच आलो" म्हणालात. पायाशी रिकामा थर्मास होता, दादा.

दुसऱ्या दिवशी शर्यत बघायला आरेनबर्गच्या जंगलातला दगडी रस्ता. दगडांत गवत माजू नये म्हणून अलीकडे तिथे शेळ्या सोडल्या होत्या, हे ऐकून तुम्हाला गाव आठवलं. हा रस्ता शर्यतीला सुचवणारा जुना फ्रेंच सायकलपटू स्ताब्लिन्स्की तरुणपणी त्याच जमिनीखाली खाणीत काम करायचा, हे सांगताना मात्र तुमचा आवाज बदलला. १९६८ मध्ये शर्यत तिथून पहिल्यांदा गेली. तिथून निघालो आणि बटाट्याच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलो. शेवटचे चाळीस किलोमीटर मी पाहिलेच नाहीत, ऐकले. रेडिओवर फ्लेमिश, आणि तुमच्या तोंडून सांगलीची मराठी: "पडला! पोगाचार पडला! वळणाचा अंदाज चुकला गड्याचा! उठला, उठला... व्हॅन डर पूल थांबतोय व्हय आता!" नेदरलँड्सचा व्हॅन डर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला. पुढच्या गाडीतला फ्रेंच माणूस मागे वळून बघत होता.

ते धावतं वर्णन रेकॉर्ड करायला हवं होतं, याची चुटपुट अजून आहे.

निघताना चाक काढू दिलं नाहीत. "तीन पायांचा बैल नेतोस काय?" म्हणालात. माझं मोडकं चाक तुमच्या बाल्कनीत आहे आणि तुमचं माझ्या घरात. टायरला रुबेची माती तशीच आहे, धुवायला कुणाला देत नाही. दिवाळीत सांगलीला येणार आहात ना? पोत्यात बांधून एसटीने घेऊन येतो. लगेजचं भाडं मी देणार, त्यावरून वाद नको. वहिनींना सांगा, उडालेल्या लाडवांची भरपाई आई करणार आहे, डबा मोठा आहे.

तुमचा,
चिपळूणचा पाहुणा