सासवडच्या मटारवाल्या मावशींना

मावशी, सा. न. वि. वि.

तुमची नात हे मोबाइलवर वाचून दाखवेल या भरवशावर सगळ्यांसमोरच लिहिते आहे. मंडईत गिऱ्हाइकांच्या गर्दीत मनातलं नीट बोलणं होत नाही.

दोन वर्षं माझा वाटाणा फसला होता. पुरंदरचा मटार ऑगस्टमध्ये पुण्यात येतो, म्हणून पहिल्या वर्षी मीही जूनमध्येच बी टाकलं. आठ दिवसांनी उकरून पाहिलं तर सगळं कुजलेलं. दुसऱ्या वर्षी जानेवारी संपता संपता पेरलं, वर युरियाही घातला. वेल हिरवेगार झाले, पण मार्चच्या उन्हात फुलं गळून गेली. तुमच्याकडून पाव किलो शेंगा घेताना हे सहज बोलले, तर तुम्ही तराजू खाली ठेवून विचारलंत, "माती कसली हाय?"

काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. तेवढ्यावर तुम्हाला सगळं कळलं. "आमच्याकडं पाऊस उघडझाप करतो, पानी उतारानं निघून जातं. तुझ्या वाफ्यात ते साचनार. तू पावसाळ्यात नको पेरू. दसरा होऊ दे. पहाटं चादर अंगावर घ्यावीशी वाटली की पेर." तारीख न सांगता इतकी अचूक वेळ मला कुणीच सांगितली नव्हती. वाटाण्याला थंडी लागते हे मी वाचलं होतं, पण आमच्या अंगणात ती थंडी कधी येते ते ओळखायला तुम्ही शिकवलंत.

मग कागदाच्या पुडीत मूठभर अर्केल या मटाराच्या जातीचं बी बांधून दिलंत. पैसे घेतले नाहीत.

दिवाळीचा फराळ संपत आला तेव्हा पेरलं. मातीत वाळू आणि शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच केला. बी दीड पेर खोल, दोन बियांत चार बोटं अंतर. युरियाचा कणही नाही. कोंब वर येताच पारवे टपून बसले, म्हणून जुनी साडी ताणून बांधली. वेलांना आधाराला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या, लावायला तुम्हीच सांगितलं होतंत. बांबू गुळगुळीत, वेलाच्या तणाव्यांना, त्या दोऱ्यासारख्या तंतूंना, पकड मिळत नाही. तुराटीच्या बारीक फाट्यांना मात्र ते लगेच विळखा घालतात. एक तणावा सकाळी नुसताच हवेत लोंबत होता, संध्याकाळी पाहिलं तर त्याचे फाट्याभोवती दोन वेढे झाले होते.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पहिला तोडा मिळाला. एका हातानं वेल धरायचा आणि दुसऱ्यानं शेंग खुडायची, नाहीतर वेल मुळासकट हातात येतो, हे तुमचं सांगणं पहिल्याच शेंगेला आठवलं. शेंग भरलेली, पण साल अजून तुकतुकीत असतानाच काढली. दाणे जागच्या जागी कच्चे खाल्ले, इतके गोड! तोडल्यानंतर दाण्यातल्या साखरेचं पिठूळ स्टार्च होत जातं, म्हणून दुकानात दोन दिवस पडलेल्या मटाराला ही चव नसते. चार तोड्यांत मिळून दोन किलोच्या आसपास शेंगा निघाल्या. भोगीच्या भाजीत यंदा पहिल्यांदा घरचा मटार पडला. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

शेवटी शेवटी खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली. तोवर पीक हाती आलं होतं, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. तुम्ही "झाडं उपटू नको, बुडाशी काप" म्हणाला होतात. तरी एक रोप पाहण्यासाठी हळूच काढलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली तर आतून गुलाबी. हवेतला नत्र बांधणारे जिवाणू त्यात काम करत होते, आणि मी आदल्या वर्षी तोच नत्र द्यायला वरून युरिया ओतत होते! बाकीची मुळं जमिनीतच ठेवली. त्याच वाफ्यात आता मेथी टाकली आहे.

तुराट्या पुसून माळ्यावर ठेवल्या आहेत. चार शेंगा वेलावरच वाळू दिल्या, त्यांचं बी काढून डबीत भरलंय. त्यातलं अर्धं पुडीत बांधून मंडईत घेऊन येते. पैशांचं नाव काढायचं नाही.

तुमची,
पाव किलोवाली