तीन अर्धी बाडं आणि पेन्सिलीची एक रेघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘सध्या काय लिहितेस?’ याचं उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण मला ते नीट मांडायचं होतं. टेबलावर तीन बाडं आहेत. तिन्ही कुमारवयीन वाचकांसाठी, तिन्ही अर्धी. त्यातलं एक आता मार्गी लागलंय आणि ते तुझ्या लेकीमुळे.

मागच्या वर्षी मी तिला त्या कादंबरीचा कच्चा खर्डा वाचायला दिला होता. परत आला तेव्हा समासात एक शब्दही नव्हता. फक्त ४१व्या पानावर पेन्सिलीची एक बारीक आडवी रेघ. विचारलं तर म्हणाली, “इथे मी थांबले.” त्यापुढे काही बोलायला तयार नाही.

गोष्ट तुला माहीत आहे. सोळा वर्षांचा मुलगा, वडिलांची नोकरी गेलेली. ते रोज ठरल्या वेळी बॅग घेऊन घराबाहेर पडतात आणि खरं काय ते फक्त या मुलाला ठाऊक. ४१व्या पानावर तो वडिलांना बागेतल्या बाकावर बसलेलं पाहतो. तिथे मी लिहिलं होतं, ‘बाबांना त्या दिवशी किती एकटं वाटलं असेल, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं जावी लागली.’

रेघ बरोबर त्या वाक्याखाली होती.

मोठ्यांच्या कादंबरीत हे वाक्य शोभलं असतं. पण ते बोलतो तो चाळिशीतला माणूस. सगळं निभावून झाल्यावर मागे वळून बघणारा. तुझी लेक बिचारी त्या मुलाबरोबर झाडाआड उभी होती आणि मी तिला मधेच हाताला धरून बाजूला काढलं. कुमारांविषयीची कादंबरी आणि कुमारांसाठीची कादंबरी यांतला फरक मी इतकी वर्षं विषयात, भाषेत, पानांच्या संख्येत शोधत होते. तो फरक निवेदक काळाच्या कुठल्या टोकाला उभा आहे, त्यात आहे. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची पहिली कादंबरी १९६७ साली आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि लिहायला घेतली तेव्हा शाळेत. तिला मागे वळून बघायला अंतरच नव्हतं. मला ते अंतर रोज सकाळी बसून पुसावं लागतं.

मग मी अख्खं बाड विंचरून काढलं. ‘तेव्हा मला कळलं नव्हतं’, ‘आज वाटतं’, ‘पुढे लक्षात आलं’, असली सगळी वाक्यं गेली. बागेतला प्रसंग आता असा आहे: ‘बाबा बाकावर होते. बॅग मांडीवर. बूट नेहमीसारखे पॉलिश केलेले. मला त्या बुटांचा राग आला. मी शाळेत गेलो.’ बस, एवढंच. त्याला राग का आला हे मी कुठेही सांगत नाही.

हे करताना आपल्या भाषेने एक चोरी पकडून दिली. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे मराठीत लपवता येत नाही, आणि मुलगा लिहिताना माझ्या हातून आजही ‘गेले’ उमटतं. पण ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’, ‘मी सांगितलं’ यांत ती अडचण नाही. तिथे बोलणारा मुलगा की मुलगी ते कळत नाही. पहिला खर्डा पुन्हा वाचला तर जिथे जिथे मला त्याच्या मनाची खात्री नव्हती, तिथे तिथे मी याच क्रियापदांच्या आडोशाला गेले होते. पानंच्या पानं तो नुसता बघतोय, ऐकतोय. ‘घाबरलो’, ‘रडलो’, ‘पळालो’ जवळजवळ नाहीच. आता आहे.

दुसरं बाड दोन मैत्रिणींचं. भांडण न होता तुटलेली मैत्री, सगळी मोबाइलवरच्या निरोपांतून. ते सध्या बाजूला ठेवलंय. मुलांच्या तोंडची आजची भाषा हुबेहूब उतरवायला गेले की छापून येईपर्यंत ती शिळी होणार, आणि साधी लिहिली तर निरोप खोटे वाटतात. वाट सापडेल, पण आत्ता दिसत नाही.

तिसऱ्यात मात्र जीव गुंतलाय. पंधरा वर्षांची एक मुलगी मीरा नावाच्या ताऱ्याची वही ठेवते. तिमिंगल तारकासमूहातला हा तारा साधारण ३३२ दिवसांत मंद होतो आणि पुन्हा उजळतो. मंद असताना नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियसने त्याची नोंद केली, आणि तो दिसेनासा झाल्यावर त्याला वाटलं, संपला. माझ्या गोष्टीतली मुलगी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याची तेजस्विता लिहीत जाते, आणि त्याच अकरा महिन्यांत तिचे आईवडील वेगळे राहू लागतात. घरात सगळे तिला रात्री जागते आणि सकाळी लोळते म्हणून बोलतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तारा परत दिसतो तिथे कादंबरी संपवायची नाही, एवढं ठरलंय. आईवडील परत एकत्र येणार की काय, असं कुणाला क्षणभरही वाटता कामा नये.

एका प्रकाशकांनी विचारलं, “नेमका वयोगट कोणता?” जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था म्हणते. दहा वर्षांचं मूल आणि एकोणीस वर्षांचा तरुण एकाच पुस्तकात कसे मावणार? मी त्यांना म्हटलं, माझ्या निवेदकाच्या वयाचे आणि त्याहून दोन वर्षांनी लहान. मुलं नेहमी आपल्यापेक्षा थोडं मोठं वाचतात. आपणही तसंच वाचायचो, आठवतं?

सोबत पहिल्या कादंबरीची नवी नव्वद पानं पाठवतेय. तू नंतर वाच. आधी लेकीला दे, आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल ठेव. काहीही विचारू नकोस. जुनं ४१वं पान आता ३७वं झालंय, हेही तिला सांगू नकोस.

तुझी मैत्रीण